गुरुत्वाकर्षणाचं सूत्र कुठपर्यंत चालतं आणि कुठे मोडतं?

न्यूटनचं गुरुत्वाकर्षणाचं सूत्र आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केलेलं असतं. दोन वस्तुमानांचा गुणाकार, भागिले अंतराचा वर्ग, गुणिले स्थिरांक जी. परीक्षेतलं गणित सुटतं आणि विषय तिथेच संपतो. पण हे सूत्र किती अंतरापर्यंत, किती वेगापर्यंत, किती घट्ट दाबलेल्या वस्तूपर्यंत बरोबर उत्तर देतं, हे सहसा त्याच्या शेजारी छापलेलं नसतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे दुसऱ्याने लिहिलेलं फंक्शन वापरायचं तर पहिला प्रश्न हाच असतो, की याला कोणतं इनपुट चालतं आणि कुठलं दिल्यावर हे निमूटपणे चुकीचं उत्तर देईल?

दर काही महिन्यांनी "आइन्स्टाईन चुकला" किंवा "न्यूटनचा नियम मोडला" अशी एखादी बातमी व्हॉट्सॲपवर फिरते. तिच्यात तथ्य किती हे ठरवायचं असेल तर आधी या सूत्राच्या सीमा माहीत हव्यात. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. भौतिकशास्त्रात "क्लासिकल गुरुत्व" म्हटलं की त्यात न्यूटन आणि आइन्स्टाईन दोघंही येतात. ज्यात क्वांटम नाही ते सगळं क्लासिकल. म्हणजे सीमा दोन आहेत: न्यूटनची जिथे संपते तिथे आइन्स्टाईन हात देतो, आणि पुढे एका ठिकाणी त्याचाही हात सुटतो.

आधी एक आकडा काढायचा

न्यूटन कुठे पुरतो हे तपासायला एक सोपी युक्ती आहे. त्या जागेचा मुक्तिवेग घ्या, म्हणजे ज्या वेगाने फेकलेली वस्तू परत खाली येत नाही तो. त्याला प्रकाशाच्या वेगाने भागा आणि उत्तराचा वर्ग करा. हा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका न्यूटन बिनधोक. १ च्या जवळ पोहोचला की न्यूटनचं सूत्र कामाचं नाही.

पृथ्वीच्या पृष्ठभागावर मुक्तिवेग सेकंदाला ११.२ किलोमीटर. आकडा येतो अब्जात दीडपेक्षाही कमी. सूर्याच्या पृष्ठभागावर मुक्तिवेग सुमारे ६१८ किलोमीटर, आकडा दहा लाखांत ४. सिरियसचा जोडीदार असलेल्या श्वेत बटू ताऱ्यावर दहा हजारांत ५ च्या आसपास. न्यूट्रॉन ताऱ्यावर, म्हणजे सूर्याच्या सुमारे दीडपट वस्तुमान पुण्याएवढ्या शहरात कोंबलेलं असतं तिथे, हा आकडा थेट ०.३ च्या वर जातो. आणि कृष्णविवराच्या सीमेवर बरोबर १.

चांद्रयान चंद्रापर्यंत नेण्याचं मुख्य गणित न्यूटनच्याच जोरावर होतं, ते यामुळे. पण "अब्जात एक" ऐकून लगेच सोडून देऊ नका. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा गुरुत्वामुळे दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. निव्वळ फरक ३८ मायक्रोसेकंद. प्रकाश तेवढ्या वेळात ११ किलोमीटरहून जास्त जातो. दिवसाचे ८६,४०० सेकंद गुणिले अब्जांशाची चूक, असा हा साधा गुणाकार आहे. त्यामुळे सीमा कुठे आहे हे निसर्गाइतकंच आपल्याला किती अचूकता हवी आहे यावरही ठरतं.

एकाच माणसाने लावलेले दोन निकाल

आता खरा पेच. समजा निरीक्षण आणि सूत्र जुळत नाहीत. मग सूत्र चुकलं, की आपल्याला न दिसलेलं काहीतरी तिथे आहे? सॉफ्टवेअरच्या भाषेत, बग कोडमध्ये आहे की डेटाच अपुरा आहे?

एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या अर्बन ल व्हेरिए याच्यापुढे हा प्रश्न दोनदा आला. युरेनस ठरलेल्या मार्गावरून किंचित भरकटत होता. ल व्हेरिएने न्यूटनवर विश्वास ठेवला, पलीकडे एक न दिसणारा ग्रह असणार असं धरून त्याची जागा काढली आणि बर्लिनच्या वेधशाळेला कळवली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री योहान गाल याने दुर्बीण रोखली आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला.

मग १८५९ मध्ये त्याने बुध ग्रह हातात घेतला. बुधाची कक्षा लंबगोल आहे आणि त्या लंबगोलाचं टोक हळूहळू फिरत जातं. शतकात सुमारे ५७५ आर्कसेकंद. एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. शुक्र, गुरू, पृथ्वी वगैरेंच्या ओढीने त्यातले ५३२ च्या आसपास समजतात. उरलेले ४३ कुठून येतात ते कळेना. (ल व्हेरिएचा स्वतःचा आकडा ३८ होता, सायमन न्यूकम्बने १८८२ मध्ये तो ४३ वर आणला.) ल व्हेरिएने पुन्हा तोच मार्ग धरला: बुधाच्या आत अजून एक ग्रह असणार. त्याला व्हल्कन हे नावही मिळालं. एका हौशी निरीक्षक डॉक्टरने तो सूर्यबिंबावरून सरकताना पाहिल्याचा दावा केला. पुढची कित्येक दशकं लोक तो शोधत राहिले. व्हल्कन नव्हताच. नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाईनने आपल्या नव्या समीकरणांतून ते ४३ आर्कसेकंद काढून दाखवले, कुठलाही नवा ग्रह न घालता.

हा परिणाम किती बारीक आहे ते बघा. बुधाच्या एका फेरीमागे फक्त ०.१ आर्कसेकंद, म्हणजे एका पूर्ण फेरीचा साधारण सव्वा कोटीवा भाग. प्रोग्रामिंग करणाऱ्यांसाठी एक गंमत: सिंगल प्रिसिजन फ्लोटमध्ये २४ बिट मिळतात, म्हणजे सुमारे १.६७ कोटी पायऱ्या. बुधाचं सिम्युलेशन फ्लोटमध्ये चालवलं तर आइन्स्टाईनची सगळी दुरुस्ती शेवटच्या बिटात येते आणि गोलाईच्या चुकांत हरवून जाते. करून बघायचं असेल तर डबल प्रिसिजन वापरा.

दीर्घिकांचं काय: नेपच्यून की बुध?

हाच पेच आज मोठ्या आकारात समोर उभा आहे. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेच्या फिरण्याचा वेग केंद्रापासून दूरदूर मोजला. दिसणाऱ्या ताऱ्यांचं आणि वायूचं वस्तुमान धरलं तर बाहेरच्या भागात वेग उतरत जायला हवा, जसा नेपच्यून पृथ्वीपेक्षा हळू फिरतो. तसं होत नाही. वेग सेकंदाला सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरच्या घरात टिकून राहतो. पुढे इतर दीर्घिकांमध्येही हेच दिसलं.

इथे आपला वरचा आकडा काढून बघा. तो दहा लाखांत एक-दोनच्या आसपास येतो, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही कमी. त्या हिशोबाने न्यूटन अगदी सुरक्षित पट्ट्यात आहे आणि आइन्स्टाईनची दुरुस्ती इथे काहीच मदत करत नाही. तरीही उत्तर चुकतं, आणि चुकतं तेही थोडंथोडकं नाही. बाहेरच्या भागात दिसणाऱ्या वस्तुमानाच्या कितीतरी पट ओढ असल्यासारखी गती आहे.

पहिलं उत्तर नेपच्यूनचं: तिथे न दिसणारं द्रव्य आहे, डार्क मॅटर. दुसरं उत्तर बुधाचं: नियमच बदलतो. इस्रायलच्या मोर्देहाय मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये सुचवलं की त्वरण एका मर्यादेखाली गेलं की न्यूटनचा नियम वेगळा होतो. त्या सिद्धांताला मॉन्ड म्हणतात. ही मर्यादा किती लहान? तेवढ्या त्वरणाने एखादी वस्तू वर्षभर ढकलली तर वर्षाअखेरीस तिचा वेग सेकंदाला जेमतेम ४ मिलिमीटर होईल. इतक्या क्षीण ओढीत नियम आपण कधी प्रयोगशाळेत तपासलेलाच नाही, हा मिलग्रोम यांचा मुद्दा रास्त आहे. म्हणजे सूत्राची सीमा अंतराची किंवा वस्तुमानाची नसून त्वरणाचीही असू शकते.

माझं मत विचाराल तर पारडं डार्क मॅटरकडे झुकलेलं आहे. बुलेट क्लस्टर नावाच्या जागी दीर्घिकांचे दोन समूह एकमेकांतून आरपार गेलेत. तिथला तापलेला वायू, जो दिसणाऱ्या द्रव्याचा मोठा हिस्सा आहे, मध्येच अडकला. पण प्रकाश वाकवणारी ओढ मात्र पुढे निघून गेलेली दिसते. २००६ मध्ये ही मोजणी आली. नियम बदलून हे समजावणं फार अवघड आहे. विश्वाच्या बालपणीच्या सूक्ष्मलहरी प्रारणातल्या चढउतारांचाही हिशोब डार्क मॅटरशिवाय नीट लागत नाही. दुसरा फटका १७ ऑगस्ट २०१७ चा. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. त्यांच्या गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण पृथ्वीवर १.७ सेकंदांच्या फरकाने पोहोचले. तेरा कोटी वर्षांच्या शर्यतीत पावणेदोन सेकंद! ज्या पर्यायी सिद्धांतांत गुरुत्वीय लहरींचा वेग प्रकाशापेक्षा वेगळा येत होता, ते एका झटक्यात बाद झाले.

पण मॉन्डची टिंगल करणाऱ्यांशीही माझं जमत नाही. डार्क मॅटरचा एकही कण आजवर कुठल्या डिटेक्टरमध्ये खात्रीने पकडला गेलेला नाही. आणि फक्त दिसणारं वस्तुमान घेऊन दीर्घिकांचे वेग मॉन्ड ज्या नेमकेपणाने सांगतो, ते योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. गाया दुर्बिणीने मोजलेल्या, एकमेकांपासून खूप दूर फिरणाऱ्या जोडताऱ्यांवर सध्या हाच वाद रंगलाय. जवळपास तोच डेटा घेऊन एका गटाला मॉन्डचा विचलनाचा ठसा दिसतो, दुसऱ्याला न्यूटन ठणठणीत दिसतो. "न्यूटन मोडला" अशा अलीकडच्या बऱ्याच बातम्या या एका वादातून येतात. जोडीत एखादा न दिसलेला तिसरा तारा असला तरी आकडे बदलतात. म्हणजे फिरून पुन्हा अपुरा डेटाच.

मराठी वाचकांसाठी एक आठवण: गुरुत्वाचा पर्यायी सिद्धांत मांडणं हे काही माथेफिरूंचं काम नव्हे. फ्रेड हॉइल आणि आपले जयंत नारळीकर यांनी १९६४ मध्ये स्वतःचा गुरुत्व सिद्धांत मांडला होता. तो मुख्य प्रवाहात टिकला नाही, पण समीकरणांनिशी मांडला होता, म्हणूनच तो तपासता आला.

आकडा १ कडे जाताना

आता दुसऱ्या टोकाला जाऊ, जिथे गुरुत्व भयानक तीव्र आहे. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी सूर्याच्या सुमारे ४३ लाख पट वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. त्याच्याभोवती एस-२ नावाचा तारा १६ वर्षांत एक फेरी मारतो. मे २०१८ मध्ये तो सर्वात जवळ आला तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरच्या वर होता. त्याच्या कक्षेचं टोकही बुधासारखंच सरकतं, पण एका फेरीत १२ आर्कमिनिटं, म्हणजे बुधाच्या एका फेरीच्या सुमारे सात हजार पट. २०२० मध्ये ही मोजणी जाहीर झाली आणि आइन्स्टाईनच्या आकड्याशी जुळली. त्याही आधी, १९७४ मध्ये हल्स आणि टेलर यांना सापडलेल्या जोड-पल्सारमध्ये हे सरकणं वर्षाला ४ अंशांहून जास्त भरलं होतं.

याहून पुढे, म्हणजे दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळताना काय होतं, हे कागदावर सोडवता येत नाही. आइन्स्टाईनची दहा समीकरणं एकमेकांत गुंतलेली आहेत. कॉम्प्युटरवर ती सोडवायचे प्रयत्न १९६० च्या दशकापासून चालू होते आणि प्रोग्राम एक फेरी पूर्ण व्हायच्या आतच क्रॅश व्हायचे. मला या विषयातला हा सगळ्यात आवडता भाग वाटतो. कारण कृष्णविवराच्या आत सिंग्युलॅरिटी असते, तिथे वक्रता अनंत होते, आणि कॉम्प्युटरला अनंत झेपत नाही. एकदा एका पेशीत निरर्थक आकडा आला की तो शेजारच्या पेशींत पसरत जातो.

२००५ मध्ये फ्रान्स प्रिटोरियस यांनी मिसळणाऱ्या कृष्णविवरांचं सिम्युलेशन पहिल्यांदा शेवटापर्यंत नेलं. त्यातली एक क्लृप्ती ऐकायला चोरटी वाटते: कृष्णविवराच्या आतला भाग गणितातून चक्क कापून टाकायचा. घटनाक्षितिजाच्या आतून बाहेर काहीच येत नाही, तर आतलं गणित न केल्याने बाहेरचं उत्तर का बिघडेल? सिद्धांत जिथे कोसळतो ती जागा सिद्धांतानेच पडद्याआड ठेवलेली आहे, आणि कोड त्याचा फायदा घेतो.

त्यानंतर दहाच वर्षांनी, १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोला पहिला सिग्नल मिळाला. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची कृष्णविवरं मिसळली आणि ३ सूर्यांइतकं वस्तुमान लहरींच्या रूपात निघून गेलं. चार किलोमीटरच्या भुजेत झालेला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे ४०० व्या भागाइतका. गोंगाटातून असे सिग्नल उपसण्यासाठी आधी तयार केलेले नमुने डेटावर सरकवून बघतात. या पद्धतीचा पाया घालणाऱ्या सुरुवातीच्या कामात पुण्याच्या आयुकातले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचा १९९१ चा शोधनिबंध आहे. मिसळल्यानंतर कृष्णविवर घंटेसारखं झणझणून शांत होतं, हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच दाखवलं होतं. १४ जानेवारी २०२५ ला मिळालेल्या अत्यंत स्वच्छ सिग्नलमध्ये तो झणकार इतका नीट मोजता आला, की मिसळल्यावर कृष्णविवराचं क्षेत्रफळ घटत नाही हे हॉकिंग यांचं १९७१ चं प्रमेयही तपासून झालं. आइन्स्टाईन इथपर्यंत शाबूत आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभं राहणारं लायगो-इंडिया सुरू झालं की आकाशात सिग्नल नेमका कुठून आला हे जास्त चांगलं सांगता येईल.

आइन्स्टाईन कुठे थांबतो

बऱ्याच व्हिडिओंत सांगतात की घटनाक्षितिजावर भौतिकशास्त्राचे नियम मोडतात. हे चूक आहे. आकाशगंगेच्या मध्यातल्या त्या कृष्णविवराच्या क्षितिजाची त्रिज्या सुमारे १.२७ कोटी किलोमीटर आहे. तिथून आत पडणाऱ्या माणसाच्या डोक्यावरची आणि पायांवरची ओढ यातला फरक पृथ्वीवरच्या गुरुत्वाच्या साधारण दहा हजाराव्या भागाइतका भरतो. त्याला काही जाणवणारही नाही. याउलट सूर्याच्या १० पट वस्तुमानाच्या छोट्या कृष्णविवराजवळ तोच फरक पृथ्वीच्या गुरुत्वाच्या दोन कोटी पट होतो. माणूस वाचणार नाही, पण समीकरणं तिथेही नीट चालतात.

ती मोडतात आत, सिंग्युलॅरिटीपाशी. बरीच वर्षं लोकांना वाटायचं की हा अनंत आकडा म्हणजे गोल ताऱ्याचं सोपं मॉडेल धरल्याचा दोष असेल, प्रत्यक्षात तारा वेडावाकडा असतो तेव्हा असं होणार नाही. कोलकात्याच्या अमल कुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये एक समीकरण दिलं: गुरुत्व मार्गांना एकमेकांकडे कसं झुकवत नेतं, याचं. त्या प्रकारच्या युक्तिवादावर उभं राहून रॉजर पेनरोझ यांनी १९६५ मध्ये सिद्ध केलं, की आकार कसाही वेडावाकडा असो, कोसळणं एका टप्प्यापलीकडे गेलं की सिंग्युलॅरिटी टळत नाही. सिद्धांत स्वतःच सांगतो की मी इथे संपतो. मला हे प्रामाणिक वाटतं. न्यूटनचं सूत्र असा एररही देत नाही, ते फक्त चुकीचा आकडा देतं.

मग नेमकं किती लहान झाल्यावर नवीन नियम लागतील? एक अंदाज असा. जितकं बारीक बघायचं तितक्या जास्त ऊर्जेचा प्रकाश लागतो, हा क्वांटमचा नियम. पण लहानशा जागेत खूप ऊर्जा कोंबली की तिथे कृष्णविवर होतं, हा आइन्स्टाईनचा नियम. दोन्ही नियम जिथे एकमेकांना भिडतात ती प्लँक लांबी: १.६ गुणिले १० चा उणे ३५ वा घात मीटर. आजचा सगळ्यात ताकदवान कण-त्वरक १० च्या उणे १९ व्या घाताच्या आसपास पोहोचतो. मध्ये १६ शून्यांचं अंतर आहे.

रोजच्या जगात मात्र क्वांटम आणि गुरुत्व यांचं भांडण आहे असं म्हणणं अतिशयोक्तीचं. जॉन डोनोह्यू यांनी १९९४ मध्ये दाखवलं की मोठ्या अंतरावर न्यूटनच्या नियमाला होणारी क्वांटम दुरुस्ती व्यवस्थित मोजता येते. एक मीटर अंतरावर ती १० च्या उणे ७० व्या घाताच्या आसपास येते, म्हणजे मोजणं अशक्य, पण गणित कोसळत नाही.

टेबलावरचे प्रयोग

प्लँक लांबी गाठणं हाताबाहेरचं असलं, तरी लहान अंतरावर आणि लहान वस्तुमानावर काम चालू आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने २०२० मध्ये ५२ मायक्रोमीटर अंतरापर्यंत, म्हणजे केसाच्या जाडीच्या आसपास, वर्गव्यस्त नियम टिकतो हे तपासलं. त्याखाली गुरुत्व कसं वागतं हे थेट मोजणं फार कठीण, कारण विद्युत बलं त्याला गिळून टाकतात. व्हिएन्नामध्ये २०२१ साली फक्त ९० मिलिग्रॅमच्या सोन्याच्या गोळीचं गुरुत्व मोजलं गेलं.

दुसऱ्या बाजूने, २०१९ मध्ये सुमारे २५,००० अणुभार एककांचे रेणू एकाच वेळी दोन मार्गांनी जाताना दाखवले गेले. ज्याचं गुरुत्व मोजता येतं ती गोळी आणि जो क्वांटमसारखा वागतो तो रेणू, यांच्या वस्तुमानात अजून १८ शून्यांची दरी आहे. २०१७ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी सुचवलं की या दरीच्या मधोमध, एका ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाच्या दहापट वजनाचे दोन सूक्ष्म हिरे शेजारी ठेवून प्रत्येकाला क्वांटम दुहेरी अवस्थेत न्यायचं. त्यांच्यात फक्त गुरुत्वामुळे एन्टँगलमेंट तयार झालं तर गुरुत्व निव्वळ क्लासिकल आहे असं म्हणणं अवघड होईल. हिरे काही सेकंद हवेच्या एका रेणूचाही धक्का न लागता तरंगत ठेवायला हवेत, आणि ते अजून कुणाला जमलेलं नाही.